गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

संत नामदेवांचें नर्सी हें गांव आपल्या हिंगोली जिल्ह्यांतच आहे. त्यामुळें भजनाचा सूर आपल्या मुलांच्या कानांस परका नाहीं. परंतु गायन ही शाळेंत बसून, इयत्तेप्रमाणें शिकण्याची विद्या आहे, हा विचार आपल्या देशांत फार जुना नव्हे. तो ज्यांनीं रुजविला, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य मनन करावें असें आहे.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. लहानपणीं तोंडाजवळ फटाका उडून विष्णूच्या डोळ्यांस जबर इजा झाली व शाळेचा अभ्यास सुटला. एक वाट बंद झाली. पण दुसरी उघडली. मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकवीत असत. त्यांजपाशीं राहून, गुरुसेवा करीत, विष्णूनें कित्येक वर्षें अखंड मेहनत केली.

त्या काळीं गवयाच्या गाण्यास मान असे, पण गवयास नसे. दरबारांत त्याची गणना आश्रितांत होई, व सभ्य गृहस्थ आपल्या मुलांस गाणें शिकवावयास कचरत. हें शल्य मनांत घेऊन १८९६ सालीं विष्णु दिगंबर मिरजेहून निघाले. बडोदें, सौराष्ट्र, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते पंजाबांत पोंचले, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें.

युरोपांत अशा संस्था पूर्वींच होत्या. पॅरिस येथें १७९५ सालीं सरकारनेंच संगीताची पाठशाळा काढिली होती, व पुढें तींत नाट्याचेंहि शिक्षण मिळूं लागलें. लाहोरच्या विद्यालयाच्या पाठीशीं मात्र ना सरकार होतें, ना राजा. जलशांचें उत्पन्न व लोकांनीं दिलेली मदत एवढाच त्याचा आधार. तरीहि तेथें ठरलेला अभ्यासक्रम होता व परीक्षा होत्या. पंडितजींनीं स्वरलिपि तयार करून क्रमिक पुस्तकें छापिलीं. होतकरू मुलांस जवळ ठेवून घेऊन त्यांनीं त्यांतून शिक्षक घडविले. मुलांच्या आचरणाकडेहि त्यांचें बारीक लक्ष असे. कारण गवई निर्व्यसनी असल्यावांचून गाण्यास प्रतिष्ठा येणार नाहीं, हें ते जाणून होते.

१९०८ सालीं त्यांनीं मुंबईस विद्यालय उघडलें. विद्यार्थी वाढले, तशी स्वतःची इमारत असावी असें त्यांस वाटलें. कर्ज काढून त्यांनीं ती उभारिली. गांवोगांव गाऊन ते पैसा जमवीत, तरी कर्ज फिटेना. अखेर सावकारांनीं इमारतीचा लिलाव करविला. ज्या वास्तूसाठीं देह झिजविला, ती डोळ्यांदेखत गेली! पंडितजी नाशिक येथें आश्रमांत रामनामांत काळ घालवूं लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरज येथें त्यांचें देहावसान झालें.

मग त्यांचें कार्य बुडालें काय? मुळींच नाहीं. त्याच वर्षीं शिष्यांनीं एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. विनायकराव पटवर्धनांनीं १९३२ सालीं पुण्यास विद्यालय काढिलें. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर यांनीं गुरूचें नांव देशभर नेलें. मंडळाच्या परीक्षांस आजहि हजारों मुलें-मुली बसतात, आणि त्यांचे आईबाप त्यांस अभिमानानें परीक्षेस घेऊन जातात. ज्या विद्येपासून पूर्वीं घरचीं माणसें मुलांस दूर ठेवीत, तिचीच ही कथा!

वाळूवर व खडकावर बांधलेल्या घरांचा दृष्टान्त आपण ऐकला आहे. पंडितजींची चुन्या-विटांची इमारत कर्जाच्या पुरांत गेली. पण शिष्यांच्या अंतःकरणांत घातलेला पाया ढळला नाहीं. विद्यार्थ्यांनो, आपली शाळाहि भिंतींत नसून तुमच्यांत आहे, हें ध्यानांत ठेवा.