ग्रिफिथ इव्हान्स : रक्ताच्या थेंबात आजार शोधणारे पशुवैद्य

जनावराचा ताप हटत नसेल, तर पशुवैद्य त्याच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतात, तो काचपट्टीवर पसरवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा एक परजीवी दिसला, तर अहवालात लिहिले जाते : ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. या नावातले ‘इव्हान्सी’ म्हणजे ग्रिफिथ इव्हान्स. ‘सर्रा’ या आजाराचे कारण त्यांनी १८८० मध्ये शोधले.

वेल्स ते पंजाब

इव्हान्स यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३५ रोजी वेल्समधील टायविन येथे झाला. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधून ते १८५५ मध्ये पशुवैद्य झाले आणि १८६० मध्ये ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात रुजू झाले. पुढे त्यांची नेमणूक कॅनडात झाली. तेथे नोकरी सांभाळून त्यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८६४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. माणसांचे आणि जनावरांचे असे दोन्ही वैद्यक शिकलेला हा माणूस १८७७ मध्ये भारतात आला.

सर्रा म्हणजे काय?

सिंधू नदीकाठचा डेरा इस्माईल खान हा भाग तेव्हा पंजाब प्रांतात होता. आज तो पाकिस्तानात आहे. तेथे घोडे आणि उंट एका आजाराने मरत होते. ताप येऊन जायचा, पुन्हा यायचा. जनावर खात असूनही खंगत जाई, रक्त कमी होई, पायांवर आणि पोटाखाली सूज येई. घोडा तर सहसा वाचतच नसे. सैन्याची सगळी वाहतूक याच जनावरांवर चालत असल्याने इव्हान्स यांना चौकशीसाठी पाठवण्यात आले.

आजारी जनावरांचे ताजे रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या पेशींना धक्के देत सळसळणारे लांबट जीव त्यात दिसले. हे रक्त त्यांनी निरोगी जनावरांना टोचले, तेव्हा त्यांनाही आजार झाला आणि त्यांच्या रक्तातही तेच जीव आढळले. मोठ्या माश्या चावल्याने सर्रा होतो, असे स्थानिक लोक मानत. तीही गोष्ट त्यांनी नोंदवून ठेवली.

तज्ज्ञांना का पटले नाही?

सूक्ष्म जीवांमुळे रोग होतो, हा विचार तेव्हा नवा होता. त्यातच कलकत्त्यात संशोधन करणारे टिमथी लुइस यांना असेच जीव उंदरांच्या रक्तात सापडले होते आणि ते उंदीर तर ठणठणीत होते. त्यामुळे हे परजीवी निरुपद्रवी असावेत, असा सरकारी तज्ज्ञांचा समज होता. इव्हान्स यांचा निष्कर्ष त्यांनी मानला नाही.

१८८५ मध्ये ब्रह्मदेशात खेचरांमध्ये हाच आजार पसरला. तेव्हा जॉन हेन्री स्टील यांना त्यांच्या रक्तात तोच परजीवी दिसला. त्यांनी त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. मात्र तो कोणत्या गटातला, याबद्दलचा त्यांचा अंदाज पुढे बदलावा लागला. हेच स्टील १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते.

माश्यांचा दुवा १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांच्या प्रयोगांनी पक्का झाला. घोडेमाशीसारख्या रक्त पिणाऱ्या माश्या आजारी जनावराचे रक्त तोंडाला लागलेले असतानाच दुसऱ्याला चावतात आणि परजीवी पोहोचवतात. आफ्रिकेतील निद्रारोग याच कुळातल्या परजीवींमुळे होतो, हेही त्याच सुमारास उघड होऊ लागले. १९१७ मध्ये लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने इव्हान्स यांना मेरी किंग्सले पदक दिले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. ७ डिसेंबर १९३५ रोजी, वयाची शंभरी पूर्ण केल्यावर, त्यांचे निधन झाले.

आज तपासणी कशी होते?

रक्ताचा पातळ थर वाळवून त्यावर गिम्सा रंग चढवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यातून सर्राबरोबरच थायलेरिया, बबेसिया हे परजीवीही ओळखता येतात. पण सर्राचा परजीवी आपले बाह्य आवरण सतत बदलत राहतो. शरीर एका रूपाविरुद्ध लढून त्याला आवरते, तोवर दुसरे रूप वाढू लागते. त्यामुळे रक्तातली त्याची संख्या चढत-उतरत असते. गायी-म्हशींत तर तो अनेकदा लक्षणे न दाखवता अत्यल्प प्रमाणात राहतो. म्हणून एका काचपट्टीत काही दिसले नाही, तर जनावर रोगमुक्त आहे असे ठरत नाही. अशा वेळी पुन्हा नमुना घेतात, किंवा परजीवीची जनुके शोधणारी पीसीआर चाचणी करतात. नमुना ताप चढलेला असताना आणि औषध देण्यापूर्वी घेतलेला बरा.

चंद्रपूरचा रुग्ण

सर्रा माणसाला होत नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. मात्र २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. माणसाच्या रक्तात सहसा या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते. या रुग्णात ते कार्यक्षम नव्हते. निदान नेमके झाल्यामुळे सुरामिन हे योग्य औषध देता आले आणि तो बरा झाला. त्याच्याही आजाराचा छडा लागला तो रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यामुळेच.