नगरच्या शाळेतून घेतलेला धडा

सरकारापाशी हक्क मागणे सोपे. तेच हक्क आपल्या शेजाऱ्यास देणे कठीण. हे ज्यांनी महाराष्ट्रास प्रथम खडसावून सांगितले, त्या जोतीराव फुले यांच्या चरित्रातील एक महत्त्वाचे पान नगर शहरात लिहिले गेले, हे येथील किती गृहस्थांस ठाऊक असेल?

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात माळ्याच्या घरी झाला. आई लहानपणीच वारली. शाळा सुटून मुलगा मळ्यात राबू लागला. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांचे मन वळविले, म्हणून १८४१ साली तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. १८४७ च्या सुमारास टॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्याच्या वाचनात आला.

राज्यास प्रजेची संमती पाहिजे, हा सिद्धांत इंग्लंडात लॉक याने पूर्वीच मांडला होता. कारागिराचा मुलगा असलेल्या पेनने १७९१ साली तो साध्या माणसाच्या भाषेत आणला, आणि राजाचा अधिकार वंशपरंपरेने का चालावा, असा रोकडा प्रश्न केला. इंग्रज सरकारने त्याजवर खटला भरून १७९२ साली त्यास दोषी ठरविले. पेनचा रोख राजघराण्यांवर होता. जोतीरावांनी तोच न्याय जातीस लावला. जन्माने राजा ठरू नये, तर जन्माने उच्च-नीच तरी का ठरावे?

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच सुमारास ते स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांजकडे नगरास आले आणि अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. पुण्यास परतून त्याच वर्षी त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. यापायी त्यांस व सावित्रीबाईंस वडिलांचे घर सोडावे लागले. परंतु शाळा सोडली नाही. १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांस खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला.

जोतीराव स्वतः ठेकेदारीचा धंदा करीत. पैशाचा व्यवहार त्यांस परका नव्हता. १८७५ साली पारनेर-श्रीगोंद्याकडे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ यात केली. आमच्या पेठेतील मंडळींनी ती अवश्य वाचावी; वाचताना राग येईल, तरीही वाचावी.

राष्ट्रीय सभेवर त्यांचा विश्वास नव्हता व इंग्रजी राज्यापासून त्यांनी फार अपेक्षा केल्या, हे आम्हांस पटत नाही. परंतु त्याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. ज्यास गावाच्या पाणवठ्यावर जागा नाही, त्यास राष्ट्र आपले कसे वाटावे?

१८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सबंध देशासाठी तसा कायदा होण्यास २००९ साल उजाडले. १८९० साली ते निवर्तले. पुढे १९५० च्या राज्यघटनेने समता हा मूलभूत हक्क ठरविला व अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याचे काम तेथे झाले. परंतु विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, भाड्याची खोली देताना जो निवाडा होतो, तो कोर्टात नव्हे, आपल्या दारात होतो. ज्या वहीत घेणेच मांडले जाते आणि देणे कधी लिहिले जात नाही, ती वही खरी कोण म्हणेल?