‘अँग्री’च्या पुढे काय? हॉर्नबी सरांना विचारा!

मित्र तुमच्यावर रागावलाय. हे इंग्रजीत सांगायचंय. ‘ही इज अँग्री...’ इथपर्यंत गाडी सुसाट, पुढे मात्र करकचून ब्रेक. ऑन मी की विथ मी? मराठीत आपण कुणा‘वर’ रागावतो, म्हणून तोंडात ‘ऑन’ येतं. लग्न कुणा‘शी’ होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’. खरं तर हवं असतं ‘अँग्री विथ’ आणि ‘मॅरीड टू’. ग्रुप डिस्कशनमध्ये हे आठवेपर्यंत आपली पाळी निघून गेलेली असते.

याच अडचणीवर एका मास्तरांनी वर्षानुवर्षं काम केलं. आल्बर्ट सिडनी हॉर्नबी. ऑक्सफर्डची ती जाडजूड ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ लायब्ररीत पाहिली असेल ना? ती मुळात यांची.

हॉर्नबींचा जन्म १८९८चा, इंग्लंडमधल्या चेस्टरचा. लंडनला शिकून १९२४ मध्ये ते जपानला इंग्रजी शिकवायला गेले. तिथली मुलं आपल्यासारखीच अडत होती. जपानीतही आपल्या ‘ला’, ‘शी’, ‘वर’सारखे प्रत्यय नामाच्या मागून येतात. मग इंग्रजी बोलताना कुठला शब्द कुठे बसवायचा?

जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. त्याच्यासाठी केलेल्या डिक्शनरीत शब्दाचा अर्थ मिळायचा. तो वाक्यात कसा वापरायचा, हे शिकणाऱ्याला पुरेसं कळायचं नाही. हॉर्नबींनी नेमकं तेच हेरलं. गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी शिकणाऱ्यांसाठीच डिक्शनरी रचली. शब्द, त्याच्यासोबत काय येतं, आणि उदाहरणाचं वाक्य.

काम झालं आणि महायुद्धाची आग जपानपर्यंत पोचली. हॉर्नबी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. आधी स्थानबद्ध झाले, मग १९४२ मध्ये त्यांना मायदेशी पाठवलं गेलं. गंमत बघा, त्याच वर्षी, युद्ध पेटलेलं असताना, ही डिक्शनरी टोकियोतच छापली गेली. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती पुन्हा काढली आणि ती जगभर पोचली. १९५४ मध्ये त्यांनी वाक्यरचनेच्या साच्यांवर वेगळं पुस्तकही लिहिलं.

पुस्तकांचा पैसा येऊ लागला, तेव्हा १९६१ मध्ये हॉर्नबींनी त्यातून ट्रस्ट काढला. देशोदेशीच्या इंग्रजी शिक्षकांच्या शिक्षणासाठी! १९७८ मध्ये ते गेले.

तेव्हा पुढच्या वेळी अडलात तर स्वतःला ‘ढ’ म्हणू नका. तुम्ही मराठीत विचार करताय, इतकंच. फक्त एक सवय लावा. वहीत विशेषण एकटं लिहू नका, जोडीनं लिहा. ‘गुड अ‍ॅट’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘इंटरेस्टेड इन’. आणि खाली स्वतःचं एक वाक्य. जोडी पाठ झाली की ‘अँग्री’च्या पुढे ब्रेक लागणार नाही. मित्राचा राग काढायचं काम मात्र तुमचं तुम्हीच करा, ते डिक्शनरीत नाही!