खाशाबा जाधव : ऑलिम्पिकच्या पदकामागं उभी राहिलेली बिनपगारी माणसं

यात्रांचा सीझन आला की आपल्या नगर जिल्ह्यात गावोगावी कुस्त्यांचे हगामे भरतात. कर्जत असो, जामखेड असो, श्रीगोंदा, पारनेर की पाथर्डी, वर्गणी गोळा होते, इनामं जाहीर होतात, चौकात फ्लेक्स लागतात. स्टेजवर बसायला माणसं कधी कमी पडत नाहीत. कमी पडतात ती आखाडा उकरायला, पाणी मारायला, जोड्या लावायला, घड्याळ धरायला आणि रात्री खुर्च्या गोळा करायला. एका वर्षी राबलेलं पोरगं पुढच्या वर्षी फिरकत नाही, ही प्रत्येक यात्रा कमिटीची आणि कबड्डी मंडळाची तक्रार असते.

अशी माणसं का लागतात, ती कधी येतात आणि कशी टिकतात, हे समजून घ्यायचं तर पैलवान खाशाबा जाधव यांचं आयुष्य बघावं. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिलं, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पण ते पदक किती जणांच्या फुकटच्या राबण्यावर उभं राहिलं, ही गोष्ट भाषणात फारशी येत नाही.

घरातलीच तालीम

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. घर शेतकऱ्याचं. पाच भावांत खाशाबा धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पोरगं पाच वर्षांचं झालं तसं वडिलांनीच त्याला मातीत उतरवलं.

त्या काळची तालीम कशी चालायची, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. वस्तादाला पगार नसायचा. मोठे पैलवान लहान पोरांना जोर द्यायचे, डाव शिकवायचे. कुणी मातीत ताक-तेल-हळद टाकायचं, कुणी दिवाबत्ती बघायचं. आज शिकलेलं पोरगं उद्या दुसऱ्याला शिकवायचं. माणसं जोडायची वेगळी मोहीम काढावी लागत नव्हती. खेळणारा आणि राबणारा एकच असायचा.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना ४२ ची चळवळ आली. खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांचे निरोप पोचवले, त्यांना आसरा द्यायला हातभार लावला. बिनमोबदला काम करायची सवय अशी लहान वयातच लागली.

कॉलेजात दार उघडणारा माणूस

पुढच्या शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगकाठी लहान. असं सांगतात, की त्यांचं अंग बघून कॉलेजच्या स्पर्धेत त्यांना घ्यायला आधी नकार मिळाला होता. खाशाबा थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडं गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या पोरानं आपल्यापेक्षा दांडगे गडी चितपट केले. गोविंदराव पुरंदरे यांनी त्यांच्याकडून मेहनत करून घेतली.

१९४८ ला लंडनचं ऑलिम्पिक आलं. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा आयुष्यभर मातीत लढलेले. मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवीन होते. तिथं रीस गार्डनर या परदेशी वस्तादानं त्यांना तयार केलं. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोच्या आत, त्यांचा सहावा नंबर आला. पदक नव्हतं, तरी मॅटवर पहिल्यांदा उतरलेल्या शेतकऱ्याच्या पोरासाठी हा नंबर मोठा होता.

घर गहाण, गावाची झोळी

पुढची चार वर्षं खाशाबांनी मेहनत वाढवली आणि वरच्या गटात, बँटमवेटला म्हणजे ५७ किलोला आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची निवड वादाची झाली. मद्रासच्या स्पर्धेत त्यांना एका गुणानं मागं टाकलं गेलं. हा निकाल त्यांना मान्य नव्हता. दाद मागण्यासाठी ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले. पुन्हा कुस्ती लागली, त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं आणि संघात जागा मिळवली.

निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. सरकारदरबारी हात पसरून झाले, हवी तेवढी मदत वेळेत मिळाली नाही. तेव्हा गोळेश्वर आणि आजूबाजूच्या गावांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी दिलं, शेतकऱ्यांनी दिलं. तरी भागेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम किती मोठी होती, याचा अंदाज घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारला तर येईल.

खर्डेकर काही कुस्ती संघटनेचे पदाधिकारी नव्हते. ना फ्लेक्सवर फोटो, ना सत्काराची शाल. पोरगं तयारीचं आहे, त्याचा प्रामाणिकपणा आपण बघितलाय, एवढ्यावर माणूस पुढं आला. गावकऱ्यांचंही तेच. ओळखीच्या माणसासाठी, डोळ्यांदेखत घाम गाळणाऱ्यासाठी माणसं खिशात हात घालतात. नुसत्या पावतीपुस्तकाला घालत नाहीत.

एक माणूस कमी पडला

हेलसिंकीत खाशाबांनी एकामागोमाग एक कुस्त्या मारल्या. कॅनडाचा आणि मेक्सिकोचा पैलवान त्यांच्यापुढं टिकला नाही. पुढं जपानच्या शोहाची इशीबरोबरची लढत लांबली आणि खाशाबा ती हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावलं.

दोन कुस्त्यांच्या मधे किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून हक्कानं वेळ मागायला भारताचा एकही पदाधिकारी त्या वेळी मॅटजवळ हजर नव्हता, असं सांगितलं जातं. पैलवान एकटा, भाषा परकी, अंग थकलेलं. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सोनं, मामेदबेकोवला चांदी आणि खाशाबांना कांस्यपदक मिळालं.

अर्धा तास विश्रांती मिळाली असती तर काय झालं असतं, हे आता कुणी सांगू शकत नाही. पण एवढं मात्र खरं, की हजारो मैल पाठवायला गाव उभं राहिलं आणि ऐन वेळी नियमाचं पुस्तक घेऊन शेजारी उभा राहणारा एक माणूस कमी पडला. स्पर्धेत वर्गणी देणाऱ्याइतकीच जागेवर हजर असणाऱ्याची किंमत असते. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी आपल्या अहिल्यानगरला झाली, तेव्हा पंचाच्या निकालावरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी बघितलं. जाणता पंच, वेळ धरणारा, तक्रार लिहून घेणारा ही माणसं शिकवून तयार करावी लागतात. आदल्या दिवशी फोन करून ती मिळत नाहीत.

आधी देणं फेडलं

खाशाबा परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली. शंभरावर बैलगाड्या होत्या. एरवी पंधरा मिनिटांत होणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असं गावात आजही सांगतात. गाड्या जुंपणारे, हलगी वाजवणारे सगळे गावचेच.

पण खाशाबांचं मोठेपण त्यानंतर दिसलं. मिरवणुकीतच ते रमले नाहीत. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतःही लढले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर गहाणातून सोडवलं. ज्यानं आपल्यासाठी जोखीम घेतली, त्याचं देणं आधी फेडलं. सत्काराचे हार वाळून जातात, पण फेडलेलं देणं गावाच्या ध्यानात राहतं. असा शब्द पाळणाऱ्याच्या मागं माणसं पुन्हा उभी राहतात.

ज्याला जपायचं त्यालाच विसरलो

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना खेळ शिकवला. जवळजवळ २७ वर्षं नोकरी केली. बढती मात्र लवकर मिळाली नाही. सहायक पोलीस आयुक्त होऊन ते निवृत्त झाले आणि पेन्शनसाठीही त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांचा सहभाग होता. एवढा जाणता माणूस हाताशी असताना क्रीडा संघटनांनी त्यांचा जेवढा उपयोग करून घ्यायला हवा होता, तेवढा घेतला नाही.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला २०१० साली त्यांचं नाव दिलं. त्यांच्यानंतर भारताला ऑलिम्पिकचं दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. लिअँडर पेसनं टेनिसमध्ये ते मिळवलं. मधे ४४ वर्षं गेली.

हगामा भरवणाऱ्यांसाठी

या आयुष्यातून यात्रा कमिट्यांनी आणि क्रीडा मंडळांनी घ्यावं असं बरंच आहे. वर्गणीचा हिशेब हगाम्याच्या दुसऱ्या आठवड्यातच देवळाच्या भिंतीवर लावावा. शिल्लक असो की तूट, आकडा लोकांपुढं आला की पुढच्या वर्षी वर्गणी मागताना मान खाली घालावी लागत नाही. राबणाऱ्या पोरानं पदरचे पैसे घातले असतील, तर पाहुण्यांच्या शाली-नारळाआधी त्याचे पैसे द्यावेत.

एकाच पोरावर सगळं टाकू नये. आखाडा एकाकडं, पाणी दुसऱ्याकडं, जोड्या लावणं तिसऱ्याकडं, असं आधीच वाटून द्यावं आणि शेताच्या कामाचे दिवस बघून बैठक ठेवावी. दरवर्षी दोन-तीन तरुणांना पंचाच्या शेजारी बसवून नियम शिकवावेत. निवेदकानं पुढाऱ्यांची नावं घेताना माती उकरणाऱ्यांचीही घ्यावीत. आणि गावचा जुना पैलवान असेल, तर त्याला नुसता नारळ फोडायला बोलावू नये. रेवडीच्या कुस्त्या खेळणारी लहान पोरं महिनाभर आधी त्याच्या हाताखाली द्यावीत. त्यातलीच काही पुढं कुस्त्या मारतील, आणि बाकीची हगामा सांभाळतील.