फ्रॉइड यांनी व्हिएन्ना सोडली तेव्हा

४ जून १९३८ रोजी व्हिएन्नाहून निघालेल्या ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये ८२ वर्षांचे एक आजारी गृहस्थ बसले होते. सोबत पत्नी मार्था आणि धाकटी मुलगी आना होती. हे गृहस्थ म्हणजे मनोविश्लेषणाचे जनक डॉ. सिग्मंड फ्रॉइड. ज्या शहरात ७८ वर्षे काढली, ते सोडून ते लंडनला निघाले होते आणि परत येण्याची शक्यता नव्हती.

फ्रॉइड यांचा जन्म १८५६ मध्ये मोराव्हियातील फ्रायबर्ग या लहान गावी झाला. चार वर्षांचे असताना कुटुंब व्हिएन्नात आले. इथेच ते शिकले, १८८१ मध्ये डॉक्टर झाले आणि शहराच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात त्यांनी उमेदवारी केली. १८९१ मध्ये बेर्गगासे रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या इमारतीत बिऱ्हाड थाटले आणि पुढची ४७ वर्षे ते हलले नाहीत. रुग्ण तिथेच तपासले, सहा मुले तिथेच वाढली. व्हिएन्नाला ते जन्मभर नावे ठेवत आले. तिथला ज्यूद्वेष त्यांनी भोगला होता, प्राध्यापकपदासाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले होते. पण रोजचा रिंगस्ट्रासचा फेरफटका आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर पत्त्यांचा डाव यांशिवाय त्यांचे पान हलत नसे.

आणखी एक गोष्ट सुटत नव्हती, ती म्हणजे सिगार. दिवसाला वीसपर्यंत सिगार ते ओढत. १९२३ मध्ये टाळूजवळ उजव्या बाजूला पांढरट चट्टा आणि गाठ दिसली. तंबाखू आणि मिश्रीच्या व्यसनींमध्ये असे चट्टे आपल्याकडच्या डॉक्टरांनाही नेहमी पाहावे लागतात. ती गाठ कॅन्सरची होती, पण सुरुवातीला डॉक्टरांनी ते त्यांच्यापासून लपवले. त्याच वर्षी शल्यविशारद हान्स पिचलर यांनी वरच्या जबड्याचा आणि टाळूचा भाग काढून टाकला. तोंड आणि नाक यांमधला पडदाच गेल्याने तिथे कृत्रिम टाळू बसवावी लागली. ती टोचे, बोलणे अनुनासिक झाले, जेवण कष्टाचे झाले. पुढच्या सोळा वर्षांत तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. रोजची शुश्रूषा आना करत असे. म्हणजे ज्या शहराशी ते बांधले गेले होते, तिथेच त्यांचा सर्जन होता आणि त्यांचा जबडा ओळखणारे हातही तिथेच होते.

१९३३ मध्ये बर्लिनमध्ये त्यांची पुस्तके जाळली गेली, तरी ते हलले नाहीत. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. काही दिवसांत घराची झडती झाली. ब्रिटिश सहकारी अर्नेस्ट जोन्स विमानाने येऊन त्यांना निघण्याची विनवणी करू लागले. आपण आता म्हातारे झालो, जन्मभराचे ठिकाण सोडणे म्हणजे शिपायाने चौकी सोडण्यासारखे आहे, असे फ्रॉइड यांचे म्हणणे होते. २२ मार्चला गेस्टापोने आनाला चौकशीसाठी नेले. ती संध्याकाळी परतली, पण तो दिवस त्यांनी अस्वस्थ येरझाऱ्या घालण्यात काढला. त्यानंतर त्यांचा विरोध मावळला. स्वतःसाठी जे त्यांनी केले नसते, ते मुलीसाठी केले.

सुटका सोपी नव्हती. देश सोडण्याचा जबर कर भरावा लागला, तो त्यांच्या शिष्या मारी बोनापार्ट यांनी भरला. खासगी डॉक्टर मॅक्स शुर यांना ऐनवेळी ॲपेंडिक्सचा त्रास झाला, म्हणून त्यांच्याऐवजी जोसेफिन स्ट्रॉस या बालरोगतज्ज्ञ प्रवासात सोबत आल्या. फ्रॉइड यांच्या चार वृद्ध बहिणी मात्र मागे राहिल्या. त्यांना फ्रान्सला आणण्याचे बोनापार्ट यांचे प्रयत्न फसले. पुढे त्या चौघीही नाझी छावण्यांत मरण पावल्या. ते कळायला फ्रॉइड राहिले नव्हते.

६ जूनला ते लंडनला पोहोचले. इंग्लंड त्यांना तरुणपणापासून आवडे, आणि लंडननेही त्यांचे प्रेमाने स्वागत केले. तरी सुटकेच्या आनंदात दुःख मिसळलेले होते. ज्या जर्मन भाषेत विचार केला, ती आता रस्त्यावर ऐकू येणार नव्हती. लाडकी कुत्री ल्युन नियमाप्रमाणे सहा महिने विलगीकरणात गेली. सप्टेंबरमध्ये तोंडात पुन्हा गाठ आली, तेव्हा पिचलर यांनाच व्हिएन्नाहून विमानाने बोलवावे लागले.

त्याच महिन्याच्या अखेरीस ते मेअर्सफील्ड गार्डन्स या रस्त्यावरील घरात राहायला गेले. कुटुंबाने इथे फार शहाणपणाचे काम केले. व्हिएन्नाहून आलेले सामान जसेच्या तसे मांडले. तोच कोच, तीच पुस्तके. टेबलावरच्या प्राचीन मूर्ती मोलकरीण पाउला फिष्टल हिने आठवणीने जुन्याच क्रमाने ठेवल्या. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांच्या मनोविश्लेषण संस्थेने १९३१ मध्ये पाठवलेली हस्तिदंती विष्णूमूर्तीही या सामानाबरोबर आली. त्या खोलीत फ्रॉइड पुन्हा लिहू लागले आणि रुग्णही पाहू लागले.

उतारवयात घर बदलले की अनेक ज्येष्ठ गोंधळतात, झोप उडते, भूक मंदावते. रात्री उठल्यावर दरवाजा कुठल्या बाजूला, हेच उमगत नाही. मुलाकडे पुण्याला किंवा परदेशी जाणाऱ्या आईवडिलांबरोबर त्यांची नेहमीची खुर्ची, देव्हारा, जुने घड्याळ नेले आणि पलंगाची दिशा तीच ठेवली, तर त्रास बराच कमी होतो. औषधांची यादी आणि जुने रिपोर्टही पहिल्याच दिवशी नव्या डॉक्टरांच्या हाती द्यावेत.

१९३९ च्या सुरुवातीला कॅन्सर शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला. अखेरपर्यंत डोके स्वच्छ राहावे म्हणून ते तीव्र वेदनाशामके नाकारत राहिले. वेदना असह्य झाल्यावर त्यांनी शुर यांना दहा वर्षांपूर्वीच्या शब्दाची आठवण दिली. तो शब्द होता, खोटे न बोलण्याचा आणि विनाकारण यातना न भोगू देण्याचा. शुर यांनी मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रॉइड यांचे निधन झाले. अखेरचे आठवडे त्यांचा पलंग त्याच अभ्यासिकेत होता, बागेकडे तोंड करून, आपल्या पुस्तकांच्या आणि मूर्तींच्या सोबतीत.