पदक मिळाले, देशाचे नाव नाही

बर्लिन ऑलिम्पिकमधील मॅरेथॉनचा पदक वितरण सोहळा ९ ऑगस्ट १९३६ रोजी पार पडला, तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या धावपटूंच्या माना खाली झुकलेल्या होत्या. राष्ट्रगीत जपानचे वाजत होते, ध्वजही जपानचाच वर चढत होता. मात्र सुवर्णपदक विजेते सोन की-चुंग आणि कांस्यपदक विजेते नाम सुंग-योंग हे दोघेही कोरियाचे होते. १९१० पासून कोरिया जपानच्या अमलाखाली असल्याने त्यांना जपानच्या पथकातून धावावे लागले. अधिकृत यादीत सोन यांचे नावसुद्धा जपानी उच्चाराप्रमाणे किटेई सोन असे लावण्यात आले होते. विजेत्याला मिळालेले ओकचे रोपटे छातीशी धरून त्यांनी पोशाखावरील जपानी चिन्ह झाकले. नाम यांच्या हाती झाकायला काहीच नव्हते. आपल्याला सोन यांच्या पदकाचा नव्हे, तर त्या रोपट्याचा हेवा वाटला, असे त्यांनी पुढे सांगितल्याचे नमूद आहे.

सोन यांचा जन्म १९१२ मधला, यालू नदीकाठच्या सिनुईजू गावातील गरीब घरातला. धावपटूंसाठी नावाजलेल्या सोलमधील यांगजोंग शाळेत त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांच्या धावण्याला शिस्त लागली. ३ नोव्हेंबर १९३५ रोजी टोकियोत त्यांनी २ तास २६ मिनिटे ४२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्यानंतर त्यांना वगळणे जपानी निवड समितीला शक्यच नव्हते.

बर्लिनमध्ये १९३२ चा विजेता, अर्जेंटिनाचा झबाला प्रारंभापासूनच वेगाने पुढे निघून गेला. सोन आणि ब्रिटनचे अर्नेस्ट हार्पर बरोबरीने धावत होते. झबालाच्या मागे लागू नकोस, असे हार्पर यांनी खुणेने सुचवले. प्रतिस्पर्ध्याने दिलेला तो सल्ला अचूक ठरला. झबाला थकला आणि अखेर त्याने शर्यत सोडली; सोन २ तास २९ मिनिटे १९.२ सेकंदांत स्टेडियममध्ये परतले. हार्पर त्यांच्यामागे दोन मिनिटांहून अधिक अंतराने आले. त्यानंतर जेमतेम १९ सेकंदांनी नाम पोहोचले.

त्याच स्पर्धेत १५ ऑगस्टला ब्रिटिश ध्वजाखाली खेळणाऱ्या ध्यानचंद यांच्या भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यापूर्वी काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केले होते. फरक एवढाच की, भारताचे नाव तरी गुणफलकावर होते.

सोन यांनी बर्लिनमध्ये स्वाक्षऱ्या कोरियन लिपीत केल्या. सोलमध्ये दोंग-आ इल्बो या दैनिकाने विजेत्याचे छायाचित्र छापताना छातीवरील जपानी ध्वज पुसून टाकला. पत्रकारांना अटक झाली आणि सुमारे नऊ महिने वृत्तपत्र बंद ठेवावे लागले. मायदेशी परतलेल्या विजेत्याभोवतीही पोलिसांचा पहारा होता. पुढे टोकियोतील मेइजी विद्यापीठात सोन यांना प्रवेश मिळाला तो धावायचे नाही या अटीवर. विश्वविक्रम नावावर असलेल्या, पंचविशीही न गाठलेल्या धावपटूची कारकीर्द अशी संपवण्यात आली. पराभवाने संपलेल्या कारकीर्दी पुष्कळ असतात. ही विजयामुळे संपली.

१९४५ मध्ये कोरिया मुक्त झाला आणि सोन प्रशिक्षकाच्या भूमिकेत शिरले. १९४७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये त्यांचा शिष्य सुह युन-बोक वाटेत कुत्रा आडवा आल्याने पडला, तरीही उठून त्याने २ तास २५ मिनिटे ३९ सेकंदांत शर्यत जिंकली. गुरूचा विश्वविक्रम शिष्याने मोडला आणि तोही कोरियाच्या नावाने. पुढल्या वर्षी लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात कोरियाचा ध्वज सोन यांच्याच हाती होता. १९५० मध्ये तर बोस्टनचे पहिले तिन्ही क्रमांक त्यांच्या धावपटूंनी पटकावले. दोनच महिन्यांत युद्ध पेटले. सोन यांचे जन्मगाव आधीच उत्तर कोरियात गेले होते.

बर्लिनच्या मॅरेथॉन विजेत्यासाठी एका ग्रीक वृत्तपत्राने प्राचीन कॉरिंथियन शिरस्त्राण देऊ केले होते. ते सोन यांना मिळालेच नाही. बर्लिनच्या एका संग्रहालयात पडून राहिले. अर्धशतकानंतर, १९८६ मध्ये ते त्यांच्या हाती आले आणि १९९४ मध्ये त्यांनी ते कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकले.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ज्योत घेऊन स्टेडियममध्ये शिरलेले ७६ वर्षांचे सोन अक्षरशः उड्या मारत होते. १९९२ मध्ये बार्सिलोनात ह्वांग यंग-चो याने जपानच्या मोरिशिताला मागे टाकून मॅरेथॉन जिंकली, तेव्हा ते प्रेक्षकांत हजर होते. तारीख पुन्हा ९ ऑगस्टच होती.

नोंदीतले नाव मात्र बदलले नाही. १९७० मध्ये एका कोरियन खासदाराने बर्लिन स्टेडियममधील विजेत्यांच्या शिलालेखावरचे जपान हे नाव रातोरात खोडून तेथे कोरिया कोरले. अधिकाऱ्यांनी ते पूर्ववत केले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने आपल्या संकेतस्थळावर सोन यांच्या कोरियन ओळखीचा खुलासा दिला, पण पदक जपानच्याच खात्यावर ठेवले. १५ नोव्हेंबर २००२ रोजी सोन यांचे निधन झाले. देजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. बर्लिनहून आणलेले रोपटे त्यांनी आपल्या जुन्या शाळेच्या आवारात लावले होते. सोलमधील त्या जागेवर आता त्यांच्याच नावाचे उद्यान आहे.