होडीवाले वीर गर्ट फ्रेड्रिक्सन

बालमित्रांनो, आपण कुस्ती, कबड्डी, खो-खो खेळतो. पण होडी वल्हवायचीही शर्यत असते, बरं का! तिची होडी फार अरुंद असते. तिला कयाक म्हणतात. खेळाडू पाय पुढे करून बसतो आणि तोंड पुढेच ठेवतो. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भराभर वल्हवायचे. जरा तोल गेला की होडी उलटलीच!

या खेळातले फार मोठे वीर म्हणजे गर्ट फ्रेड्रिक्सन. त्यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९१९ रोजी स्वीडन देशातील न्यूशेपिंग या गावी झाला. ते ऐन विशीत आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. १९४० आणि १९४४ च्या ऑलिंपिक स्पर्धा झाल्याच नाहीत. खेळाडूची उमेदीची वर्षे तशीच गेली. दुसरा कोणी असता तर त्याने वल्हे कोपऱ्यात ठेवले असते. पण त्यांनी ठेवले नाही.

१९४८ साली लंडनची ऑलिंपिक आली, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. १००० मीटर आणि १०,००० मीटर या दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या. १०,००० मीटर म्हणजे १० किलोमीटर! त्या शर्यतीत दुसरा खेळाडू त्यांच्या मागून ३० सेकंदांनी पोचला. एवढं अंतर!

१९५२ साली ऑलिंपिक हेलसिंकीला झाली. याच स्पर्धेत आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले. तिथे फ्रेड्रिक्सन यांनी १००० मीटरला सुवर्णपदक जिंकले. पण लांबच्या शर्यतीत फिनलंडचे स्ट्रॉमबर्ग पुढे गेले आणि त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

हरल्यावर आपण काय करतो? रुसून बसतो. त्यांनी तसे केले नाही. चार वर्षांनी, १९५६ साली, ते ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न ऑलिंपिकला गेले. वय ३७. आणि दोन्ही शर्यती परत जिंकल्या! गेलेले पदक त्यांनी मेहनतीने परत आणले.

१९६० साली रोमला ते ४० वर्षांचे होते. एकट्याच्या १००० मीटर शर्यतीत ते तिसरे आले. मग वयाने बरेच लहान असलेल्या शोडेलियस या जोडीदाराबरोबर दोघांच्या होडीत बसले आणि सुवर्णपदक जिंकले. एकूण ६ सुवर्ण, १ रौप्य आणि १ कांस्य, अशी ८ पदके झाली. पुढे ते इतरांना शिकवू लागले. २००६ साली न्यूशेपिंग येथेच त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, वेळ निघून गेली, आता काय उपयोग, असे आपण लगेच म्हणतो. नापास झालो की वही फेकतो. फ्रेड्रिक्सन यांच्या हातून दोन ऑलिंपिक गेल्या, एक शर्यत गेली, पण वल्हे काही सुटले नाही. आपणही आपले वल्हे सोडायचे नाही.